मीटरवर आंधळा भरवसा नको

जालना, अंबड, भोकरदन, परतूर येथील आमच्या फोटोग्राफर बांधवांची खरी कमाई लग्नसराईची. निकाह पुष्कळदा रात्री, मंडपाच्या मंद उजेडात होतो. तो पुन्हा होत नाही. म्हणून फोटो बिघडला तर पैसे परत करून भागत नाही.

आमचे स्पष्ट मत असे की, दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसून मीटरवरील आंधळ्या भरवशाचा असतो. मीटर समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करडी धरतो. त्यामुळे पांढरी शेरवानी मळकट उतरते आणि चौकटीत काळे बुरखे जास्त असले तर चेहरे पांढरेफटक पडतात. कॅमेरा डिजिटल असो वा फिल्मचा, नियम एकच.

आजही फिल्म वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. डबीवरचा आकडा हाच नेहमी फिल्मचा खरा वेग असतो असे नाही. इल्फर्डच्या डेल्टा ३२०० चा वेग आयएसओ १००० असल्याचे कंपनीच सांगते. दुसरे, अनेक जुने कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले आहेत. ते सेल आता बंद झाले. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा सेल घातला की पुष्कळ मीटर उजेड जास्त दाखवतात व फोटो काळपट येतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. नवरदेवावर पडतो त्याच उजेडात आपला तळहात धरून रीडिंग घ्यावे आणि एक स्टॉप जादा द्यावा. शंका वाटल्यास आणखी एक फोटो काढावा. रोल वाचवण्यापेक्षा गिऱ्हाईक राखणे केव्हाही फायद्याचे.