खट्ट की खडखड?

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटवाली. शाळेच्या आवारात मराठी बोललं की एक रुपया दंड, आणि घरी मराठीचा उपयोग मुख्यतः आईशी वाद घालण्यापुरता! त्यामुळे मराठी विभागासाठी लेख मागायला संपादक मंडळी आली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, हे नक्की कोणाला विचारतायत? पण गेल्या दिवाळीत एक प्रसंग असा घडला की तो मला इंग्रजीत सांगताच येत नाही. कारण त्यातलं मुख्य पात्र एक आवाज आहे, आणि त्या आवाजाचं नाव मराठी आहे.

माझा मामा बावीस वर्षांपासून इंग्लंडला आहे. त्याने आयुष्यात एकच शौक केलाय, २००१ सालची माझदा एमएक्स-५. तीही जुनी घेतलेली. दोनच सीट, छप्पर हाताने मागे दुमडायचं, इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना. हे मॉडेल १९८९ साली पहिल्यांदा आलं आणि २०१६ साली त्याच्या उत्पादनाचा आकडा दहा लाखांवर गेला. दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारसाठी ही काही साधी गोष्ट नाही! वजन साधारण टनभर, आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी धरलेलं. रस्त्यावर काय चाललंय ते स्टेअरिंगमधून थेट हाताला कळतं. पण याचाच दुसरा अर्थ असा की सांधे जास्त. बुश जास्त, बॉल जॉइंट जास्त. त्यात तिकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने लोखंड गंजतं. माणूस काय किंवा गाडी काय, वय झालं की सांधेच आधी बोलायला लागतात.

दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला मामाचा फोन आला, आणि शुभेच्छा संपायच्या आत गाडीचं रडगाणं सुरू झालं.

"अगं, पुढे डावीकडून आवाज येतोय. घरातून गाडी बाहेर काढून रस्त्याला वळवली की हमखास."

तिथल्या एका गॅरेजने पुढचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले होते. बिल भरलं, आवाज तसाच! आता ते म्हणत होते, वळताना येतोय ना, मग स्टेअरिंग रॅक बदलू. "तू मेकॅनिकलला आहेस ना? सांग बघू."

थर्ड इयरच्या मुलीला कोणी असं विचारल्यावर ती थोडीच गप्प बसणार? मी अर्ध्या मिनिटात निकाल दिला. "मामा, वळताना आवाज म्हणजे सीव्ही जॉइंट!" पलीकडे शांतता. मग मामा हळूच म्हणाला, "अगं, पण माझी गाडी मागच्या चाकांवर चालते. पुढे ड्राइव्ह शाफ्टच नाही."

व्हायव्हात एक्स्टर्नलसमोर होते तशी माझी अवस्था झाली. आपल्या डोक्यातली गाडी म्हणजे बाबांची फ्रंट व्हील ड्राइव्ह मारुती. समोर कोणती गाडी आहे हे न बघताच मी उत्तर दिलं होतं. म्हणजे त्या गॅरेजने जे केलं तेच मीही केलं, फक्त फुकटात!

मग मामाने आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवलं. ते घेऊन मी आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेले. तिथले मिस्त्रीकाका आमची गाडी मी शाळेत होते तेव्हापासून बघतात.

"काका, माझदाचा आवाज आहे, ऐका ना."

"माझदा? ट्रक का?"

त्यांच्या लेखी माझदा म्हणजे स्वराज माझदा! एमएक्स-५ आपल्याकडे कधी विकलीच गेली नाही, मग ती त्यांना माहीत असणार कशी? मी फोटो दाखवला. रेकॉर्डिंग त्यांनी एकदाच ऐकलं आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"ताई, फोनमध्ये सगळ्या गाड्या सारख्याच ओरडतात. मला सांगा, खट्ट होतं की खडखड?"

मी गप्प. माझ्याकडे एकच शब्द होता, 'नॉइज'. फार तर 'क्लंक'.

"करकर? कुईकुई? का नुसतं घूं?"

खरं सांगते, आठ सबमिशन एका दिवसात असतानाही मला इतकं अडाणी वाटलं नव्हतं. मग काकांनी नटबोल्ट धुता धुता जे सांगितलं, ते मी वहीत उतरवून घेतलं. ते असं :

खट्ट म्हणजे एकदाच होणारा आवाज. कुठल्यातरी सांध्यात ढिलेपणा आहे, आणि जोर एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला की तो ढिलेपणा एका झटक्यात भरून निघतो. बॉल जॉइंट, लिंक रॉड, नाहीतर सैल राहिलेला बोल्ट. खडखड म्हणजे तेच, पण खराब रस्त्यावर सारखं सारखं. कुईकुई ही रबरी बुशची भाषा. संशय असलेल्या बुशवर थोडं पाणी मारायचं. आवाज तेवढ्यापुरता थांबला तर चोर सापडला. (तेल मात्र मारायचं नाही, त्याने रबर फुगून खराब होतं.) करकर म्हणजे ग्रीस संपून कोरडा पडलेला सांधा, हळू चालताना स्टेअरिंग फिरवलं की जास्त येते. घूं म्हणजे व्हील बेअरिंग. इंजिनच्या नाही, गाडीच्या वेगाबरोबर वाढतं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, तेव्हा जर घूं वाढलं तर उजवं बेअरिंग तपासायचं. पॉवर स्टेअरिंग फिरवताना कण्हल्यासारखा आवाज आला तर आधी तेलाची पातळी बघायची, पंपाला दोष नंतर द्यायचा.

वाचकहो, लक्षात येतंय का? हे नुसते शब्द नाहीत, ही वर्गवारी आहे! आवाज एकदा होतो की पुन्हा पुन्हा, रबराचा की लोखंडाचा, वेगाबरोबर वाढतो की नाही, हे सगळं त्या एका शब्दात आधीच आलेलं आहे. ज्याने शब्द बरोबर निवडला, त्याचं निम्मं निदान तिथेच झालं. आणि अशा शब्दांची आपल्या भाषेत खाण आहे. मी मात्र ती खाण सोडून एका 'नॉइज'वर बारा वर्षं काढली.

मामाला फोन लावला. बावीस वर्षं इंग्लंडमध्ये राहिलेल्या माणसाने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "खट्ट. एकदाच. तेही अगदी स्पष्ट."

काकांचा पहिला अंदाज, स्ट्रटच्या वरचं बेअरिंग. आता मात्र माझं थिअरीचं पुस्तक कामी आलं. मॅकफरसन स्ट्रट असेल तर स्टेअरिंग फिरवल्यावर स्ट्रटही फिरतो, म्हणून वर बेअरिंग लागतं. डबल विशबोनमध्ये चाक वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटवर फिरतं, शॉकअप जागच्या जागी राहतो. फिरणाऱ्या बेअरिंगचा प्रश्नच नाही. काकांनी फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "मग ते बाद." बस्स! ना राग, ना मान-अपमान. मला वाटतं, निदान करणाऱ्याकडे ही दोन अक्षरं तयार हवीत. 'बाद.'

मग त्यांनी मामासाठी तीन कामं सांगितली. एक, मोकळ्या सपाट जागेत गाडी हळू गोल फिरवायची. दोन, स्पीड ब्रेकरवरून गाडी अगदी सरळ न्यायची, पुढची दोन्ही चाकं एकदम चढली पाहिजेत. तीन, तोच चढ फक्त डाव्या चाकाने घ्यायचा.

मामाने रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये हे तिन्ही प्रयोग केले. सपाटीवर वळताना, काही नाही. दोन्ही चाकं एकदम, काही नाही. एकच चाक, खट्ट!

म्हणजे आवाज वळण्याचा नव्हताच! मामाच्या घरासमोर फूटपाथची कड उतरून रस्त्याला लागावं लागतं. गाडी तिरकी वळते, त्यामुळे एक चाक आधी उतरतं. 'वळताना आवाज येतो' हे वाक्य खोटं नव्हतं, पण त्या वाक्याने गॅरेजला रॅककडे नेलं आणि मला सीव्ही जॉइंटकडे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आता थिअरी बघा. पुढची दोन्ही चाकं अँटी-रोल बारने एकमेकांना जोडलेली असतात. दोन्ही सारखी वर गेली तर बार नुसता आपल्या बुशमध्ये फिरतो, त्याच्या टोकांच्या लिंक रॉडवर फारसा ताण येत नाही. एकच चाक वर गेलं तर बारला पीळ पडतो आणि लिंक खेचली जाते. तिच्या सांध्यात ढिलेपणा असेल तर खट्ट. शॉकअप दोन्ही वेळा काम करतो, म्हणजे तो दोषी असता तर स्पीड ब्रेकरवरही बोलला असता. रॅक ढिला असता तर सपाटीवर स्टेअरिंग डावं-उजवं करताना हाताला काहीतरी लागलं असतं. तीन प्रयोग, पानासुद्धा उचललेला नाही, आणि दोन संशयित निर्दोष सुटले.

मामाने इंजिन बंद करून, स्टेअरिंग पूर्ण फिरवून, चाकामागे हात घालून लिंक हलवली. ती दात पडायला आलेल्या मुलाच्या दातासारखी हलत होती. बदलायला लागला एक स्वस्तातला लिंक रॉड.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि ज्यासाठी मी हा लेख लिहितेय तो मुद्दा इथेच आहे. लिंक बदलायला मामा दुसऱ्या गॅरेजमध्ये गेला. तिथल्या माणसाने, आलीच आहे वर तर बघू म्हणून, उजवं चाकही तपासलं. खालच्या आर्मला आधार देऊन चाक वर-खाली, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा वाजतात त्या जागी धरून हलवलं. प्ले होता. ब्रेक दाबायला लावून पुन्हा हलवलं. ब्रेकने हब आणि नकल एकमेकांना धरले जातात, त्यामुळे बेअरिंगचा प्ले असेल तर तो जातो. हा गेला नाही. खालच्या बॉल जॉइंटचं रबरी आवरण फाटलेलं, आत पाणी आणि घाण. हा जॉइंट निखळला तर चाक बाहेर दुमडतं आणि स्टेअरिंगला अर्थ राहत नाही. आणि मंडळी, हा जॉइंट अजून एकही आवाज करत नव्हता!

पहिल्या गॅरेजला तो का दिसला नसेल? या गाडीची स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. जॅक चासीखाली लावून चाक लोंबकळत सोडलं, तर स्प्रिंग आर्मला दाबून धरते आणि प्ले लपून राहतो. त्यांनी तसं केलं असेल किंवा मुळात बघितलंच नसेल. ते काहीही असो, बोलणारा सांधा त्यांना ऐकू आला नाही आणि गप्प असलेला दिसला नाही. बिल मात्र झालं.

आता माझं मत. आपण तीन वर्षांत स्प्रिंग, मास, डॅम्परचं इक्वेशन किती वेळा सोडवलं? मी तर झोपेतही सोडवेन. पण 'ही गाडी आवाज करतेय, कशाचा ते शोध' असं आपल्याला एकदाही कोणी म्हटलं नाही. आपल्या वर्कशॉपमागे एक भंगार गाडी चार चाकांवर उभी आहे. तिचा एक बुश काढा, एक लिंक सैल करा, एक बॉल जॉइंट झिजलेला बसवा, आणि चार-चार जणांच्या बॅचला शोधायला लावा. (गाडी स्टँडवर हं, नुसत्या जॅकवर ठेवून कोणी खाली जायचं नाही!) मार्क पार्ट शोधल्याचे नकोत, काय काय आणि का बाद केलं त्याचे द्या. आणि एक्स्टर्नल म्हणून एखाद्या मिस्त्रीकाकांना बोलवा. एचओडी सर, हा विनोद नाही.

काही जण म्हणतील, आता स्कॅनर लावला की सगळं कळतं. इंजिनाचं बरंच कळतं, मान्य! पण बॉल जॉइंटला सेन्सर नसतो, आणि फाटक्या बुशसाठी डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. काही म्हणतील, माइक लावून आवाजाचं अ‍ॅनालिसिस करू. जरूर करा. पण पोलादातून आवाज सेकंदाला सुमारे ५,००० मीटर जातो आणि हवेतून ३४०. डावीकडचा आवाज बॉडीतून फिरून उजवीकडे ऐकू येऊ शकतो. माइक कधी आणि कुठे लावायचा हे ठरवायला शेवटी प्रश्नच विचारावा लागतो. आणि उद्या सगळ्या गाड्या बॅटरीवर गेल्या तर? इंजिन गप्प होईल, आणि सस्पेन्शनचा प्रत्येक सांधा जास्तच ऐकू येईल.

असो. उपदेश पुरे. एकच विनंती. पुढच्या वेळी गाडी, पंखा, मिक्सर, काहीही आवाज करायला लागलं तर लगेच पाना उचलू नका. आधी त्या आवाजाला नाव द्या. मग विचारा, कधी येतो, आणि कधी येत नाही? 'कधी येत नाही' हा प्रश्न आपण कायम विसरतो, आणि मामाच्या गाडीचं उत्तर त्यातच होतं.

मिस्त्रीकाकांना मी बातमी सांगायला गेले तेव्हा ते एका रिक्षेखाली होते. तिथूनच म्हणाले, "लिंकच निघाली ना? मग दुसरीपण बदलायला सांगा ताई. तिचंही वय तेवढंच आहे."