दीक्षाभूमी परदेशातील टीव्हीवर. पण चित्रीकरण कोणाच्या मालकीचे?

विजयादशमीला सायंकाळी दीक्षाभूमीवर मुख्य सोहळा सुरू होतो, तेव्हा अमेरिकेत न्यूजर्सीला सकाळ असते. अंतर साडेनऊ तासांचे. आमची थोरली बहीण मुलाकडे तिकडे गेली असताना भाच्याने फोनवर यूट्यूबचे थेट प्रक्षेपण लावले, कोपऱ्यातील एक बारीकशी खूण दाबली आणि बैठकीतल्या मोठ्या टीव्हीवर स्तूप उभा राहिला. शेजारची दोन बौद्ध कुटुंबे मुलाबाळांसह आली होती. बहिणीने पांढरी साडी नेसून टीव्हीसमोरच त्रिसरण-पंचशील घेतले. १४ ऑक्टोबर १९५६ ला आमचे वडील त्याच मैदानावर उभे होते.

यात नवल राहिले नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. २०२० साली कोरोनामुळे दीक्षाभूमीवर जमता आले नाही, तेव्हा नागपुरातल्या लोकांनीही घरातूनच वंदना केली. त्याआधी आवाज इंडिया, लॉर्ड बुद्धा यांसारख्या नागपूरच्या वाहिन्यांनी हा सोहळा घराघरात नेला होता. ज्या माध्यमांनी लाखोंच्या जनसमुदायाला आतल्या पानावर दोन ओळी दिल्या, त्यांची वाट पाहण्याचे दिवस गेले. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती, हे वाचकांना सांगायला नकोच.

परंतु दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. "अरे, फोनवर चांगलं दिसते, मंग टीव्हीवर काहून काळं होते?"

नागपुरातून निघताना तिने एका ॲपवर बाबासाहेबांच्या जीवनावरील एक चित्रपट रीतसर पैसे भरून उतरवून नेला होता. आवाज येत होता, चित्र नाही. भाचा संगणकाच्या क्षेत्रातला, तरी दोन तास झटला. वायफाय तपासले, टीव्ही बंद करून चालू केला, तारही लावून पाहिली.

बिघाड तारेत नव्हताच. फोनवरचे चित्र टीव्हीवर जाण्याचे दोन मार्ग आहेत. एकात फोन टीव्हीला फक्त पत्ता सांगतो आणि टीव्ही स्वतः इंटरनेटवरून चित्र ओढून घेतो. मग फोनवर कोणाचा कॉल आला तरी कार्यक्रम थांबत नाही. यूट्यूबचे असे चालते. २०१३ मध्ये क्रोमकास्ट नावाची पेनड्राइव्हएवढी वस्तू आली, तिने हे घरोघर नेले. दुसऱ्यात फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर उमटतो. पहिल्या मार्गात कंपनीचा संगणक टीव्हीच्या इंटरनेटचा पत्ता पाहतो, आणि अमेरिकेचे हक्क विकत घेतलेले नसतील तर नकार देतो. दुसऱ्या मार्गात चित्रपटाला कुलूप असेल तर फोनच पडदा काळा करतो. म्हणजे भाच्याचे यंत्र निर्दोष होते. अडथळा करारनाम्यात होता. हे कुलूप तोडण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५-अ प्रमाणे त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

चित्रपट निर्मात्याचा आहे, त्याने तो कोठे दाखवावा हा त्याचा प्रश्न. आम्हाला खरी बोच लागली ती तिसऱ्या दिवशी. इंदोऱ्यातल्या आमच्या वस्तीतील भीमगीतांचा कार्यक्रम बहीण पाहत होती. गायक आपले, मंडप आपला, वर्गणी आपली. मध्येच प्रक्षेपण बंद पडले. एका कंपनीने त्यातील गाण्यावर दावा सांगितला होता.

बाबासाहेबांचे १९५६ साली महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील कॉपीराइट साठ वर्षांनी, म्हणजे १ जानेवारी २०१७ पासून संपला. ते आता सर्वांचे आहे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, त्यांच्या गीतांवर २०६४ अखेरपर्यंत कोणाचा तरी हक्क राहील. तो कोणाचा, हे शाहिराने किंवा त्याच्या वारसाने कोणत्या कागदावर सही केली त्यावर ठरते. आमच्या शाहिरांनी उमेदीच्या काळात कॅसेटवाल्यांना चार पैशांसाठी काय काय लिहून दिले, याचा हिशेब कोणी ठेवला?

विशेष म्हणजे कायदा येथे दुबळ्याच्या बाजूने उभा आहे. कलम १९ सांगते की करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत धरावा. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये आणखी एक गोष्ट घातली: करार झाला तेव्हा जे माध्यम नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमाचा हक्क दिला असे होत नाही. म्हणूनच कंपन्यांच्या छापील कागदावर आज 'संपूर्ण जगभर, कायमस्वरूपी, सर्व विद्यमान व भावी माध्यमांसाठी' अशी ओळ असते. त्या एका ओळीने यातले बरेचसे संरक्षण जाऊ शकते, आणि आमची माणसे ती न वाचता सही करतात. वकिलाला विचारायला लाजतात की वकिलाच्या फीला घाबरतात, कोण जाणे.

तीच गत मंडळांची. कलम १७ प्रमाणे पैसे देऊन चित्रीकरण करून घेतले आणि उलट करार नसला, तर त्याचा पहिला मालक पैसे देणारा. परंतु कोणी 'आम्ही फुकट लाइव्ह करून देतो' म्हटले की कार्यकर्ते खूश! फुकटात मालकी त्याची झाली, हे पुढच्या वर्षी जुनी चित्रफीत मागायला गेल्यावर कळते. विहारात झालेले भन्तेजींचे प्रवचन, पँथरच्या काळातील कार्यकर्त्याचे अखेरचे भाषण, हे असे दुसऱ्याच्या खात्यात पडून आहे. त्याने खाते बंद केले तर न्यूजर्सीच्या टीव्हीवरच काय, इंदोऱ्यातही दिसणार नाही.

यंदा आमच्या वस्तीतील मंडळाने चित्रीकरण करणाऱ्या मुलाशी एक पानाचा करार केला. मालकी मंडळाची, मूळ फाइल आठ दिवसांत मंडळाकडे, गायकाची लेखी संमती आधी, आणि प्रक्षेपणाला देशाची अट नाही. त्या मुलाने सगळे मान्य केले, फक्त विचारले, हार्ड डिस्क कोण आणणार? ती मंडळाच्या वर्गणीतून घ्यायची ठरली. वर्गणीचे पुस्तक सध्या आमच्याकडे आहे.