अल्बम म्हणजे परीक्षेचा पेपर नाही

दिवाळीला पुण्या-मुंबईची मुलं मोर्शीला घरी येतात, कपाटातला जुना अल्बम निघतो आणि विस्मरणाचा त्रास असलेल्या आबाजींची परीक्षा सुरू होते. "आबाजी, हे कोन होय? सांगा बरं!" नाव आठवलं नाही की सगळे हसतात आणि आबाजी गप्प होतात. मला हे पटत नाही.

अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बिघडतो. नवीन आठवणी साठवायला तोच लागतो. म्हणून सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण तरुणपणी लावलेला संत्र्याचा बगीचा आठवतो. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी तर निरोगी माणसांतही जास्त ठळक असतात. नाव हरवतं, माया बरेचदा उरलेली असते. तेव्हा नाव विचारूच नका. "हा बगीचा आपलाच ना?" एवढं म्हणा आणि थांबा. चुकीचं नाव घेतलं, तर घेऊ द्या.

म्हातारपणी मागचं आयुष्य पुन्हा पाहणं स्वाभाविक आहे, असं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ सालीच लिहिलं होतं. अर्थात फोटोंनी आजार बरा होत नाही; गोळ्या बंद करू नका.

आणि गेलेल्या माणसाचा फोटो पाहून डोळे भरले, तर अल्बम हिसकावू नका, जवळ बसा. रडणं कित्येक दिवस थांबत नसेल, जेवण-झोप सुटली असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.