आधी हात बसू द्या, मग सीसी वाढवा

अठरा वर्षं पूर्ण झाली, लायसन्स हातात पडलं की अनेक घरांत स्पोर्ट बाईकचा विषय निघतो. मुलाला केटीएम आरसी ३९० हवी असते, वडिलांचं बजेट यामाहा आर-१५ पाशी अडतं आणि आई म्हणते, स्कूटर घ्या. बहुतेक वेळा या वादाचा निकाल पैशांवर लागतो. तो चालवणाऱ्याच्या सरावावर लागावा, एवढंच सांगायचं आहे.

दोन्ही गाड्या दिसायला रेसिंगच्या. दोन्हींना एकच सिलिंडर, सहा गिअर, स्लिपर क्लच आणि दोन्ही चाकांना एबीएस. फरक आहे तो ताकदीत. आर-१५चं इंजिन १५५ सीसीचं, १८.४ पीएसचं. आरसी ३९०चं ३७३ सीसीचं, ४३.५ पीएसचं. वजन १४० किलोच्या आसपासवरून १७२ किलोवर जातं, म्हणजे तीसेक किलो वाढतं. ताकद मात्र दुपटीहून जास्त. थ्रॉटल तेवढाच पिळला तरी आरसी किती झपकन पुढे जाते, ते या आकड्यांवरून ओळखा.

आपल्याकडचा कायदा इथे मदतीला येत नाही. गिअरच्या दुचाकीचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं आणि त्यावर शंभर सीसीची गाडी चालते, तशीच हजार सीसीचीही. युरोपात याला पायऱ्या आहेत. पहिली १२५ सीसीपर्यंत, दुसरी ३५ किलोवॅटपर्यंत आणि मग त्यापुढची. आरसी ३९०ची ताकद ३२ किलोवॅट, म्हणजे तिथल्या हिशेबाने ती दुसऱ्या पायरीवरची गाडी. आपल्याकडे ही पायरी कुणी आखून दिलेली नाही, ती आपली आपणच आखायची.

पहिलीच गिअरची गाडी घेत असाल तर आर-१५ घ्या. ती हलकी आहे, पार्किंगमधून मागे ओढता येते, ट्रॅफिकमध्ये सावरता येते. तिची खरी ताकद साडेसात हजार आरपीएमच्या आसपास खुलते, त्यामुळे खाली हात जरा जास्त पिळला गेला तरी गाडी अंगावर येत नाही. कोणत्या वळणाला कोणता गिअर आणि ब्रेक कुठे सोडायचा, हे तिच्यावर शिकता येतं. मोकळ्या मैदानात पुढचा ब्रेक हळूहळू जोर वाढवत दाबायचा सराव करा. घाबरून फक्त मागचा ब्रेक दाबायची सवय लागली की ती मोडणं अवघड जातं.

दोन-चार वर्षं गाडी चालवून झाली असेल, पावसात घाट केले असतील, तर आरसी ३९० जरूर पाहा. पुढे ३२० मिलिमीटरची डिस्क आहे, गाडी कललेली असतानाही काम करणारा एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे. पण शहरात कमी आरपीएमवर ती कुरकुरते, सिग्नलला पायांना गरम लागते. सीट आर-१५पेक्षा उंच आहे, तेव्हा बसून पाय टेकतात का, ते आधी पाहा. रोजचं ऑफिस आणि रविवारी ताम्हिणी एवढंच असेल, तर जुन्या चालवणाऱ्यालाही आर-१५ कमीपणाची नाही.

खर्चाचं गणितही घरी मांडा. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यावरच्यांवर ४० टक्के. ३५०च्या वर थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही दुपटीच्या घरात जातो. टायर रुंद, म्हणून महाग. पेट्रोलही जास्त लागतं. एवढं करून टॉप स्पीड दाखवणार कुठे? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला मुळातच बंदी आहे.

दोन्हींचे हँडल खाली आहेत, मनगटावर भार येतो. म्हणून शोरूमभोवती एक चक्कर मारून ठरवू नका. गर्दीच्या रस्त्यावर अर्धा तास चालवा. मागे कुणाला बसवणार असाल तर त्यांनाही सोबत न्या, कारण मागची सीट नावापुरतीच आहे. जुनी आरसी घेत असाल तर हँडलची टोकं, लिव्हर आणि पुढचे फोर्क घासलेले किंवा वाकडे नाहीत ना, हे ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या.

पालकांना एक विनंती. आर-१५ घेऊन जे पैसे वाचतील, त्यातून आयएसआय मार्कचं, डोक्याला घट्ट बसणारं फुल फेस हेल्मेट, रायडिंग जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घ्या. आणि मुलांनो, मोठी गाडी कुठे पळून जात नाही. आधी छोट्या गाडीवर दोन पावसाळे काढा, मग खुशाल आरसीची चावी मागा.