स्क्रीन मोठी घेतली, तरी मराठी अक्षर पुसटच का दिसतं?

सणसर म्हटलं की बहुतेकांना तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आठवतो, नाहीतर शेजारच्या भवानीनगरचा साखर कारखाना. मला हल्ली तिथल्या एका सेवा केंद्रातला मॉनिटर आठवतो. झालं असं, की आमच्या आप्पांचा एक अर्ज परत आला. कारण, गट नंबर जुळत नाही. सातबाऱ्यावर इंग्रजी आठ होता, अर्जात तीन पडला होता. आप्पा म्हणाले, "पोरगं चुकलं, दुसरं काय!" मी त्या पोराच्या खुर्चीत बसून तोच सातबारा उघडला, तर मलाही तो तीनच वाटला.

मॉनिटर साडेअठरा इंची, मूळ रिझोल्यूशन १३६६ × ७६८. पण "अक्षरं जरा मोठी दिसावीत" म्हणून कुणीतरी सेटिंग १०२४ × ७६८ वर आणून ठेवलेलं. ही चूक आपल्याकडे घरोघरी दिसते. एलसीडी स्क्रीनचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, कारखान्यातच पक्के बसवलेले असतात. १०२४ ठिपक्यांचं चित्र १३६६ ठिपक्यांवर ताणायचं म्हटलं की एकाला एक ठिपका जुळत नाही, मग मधले रंग अंदाजाने भरले जातात. अक्षर फुगतं, पण कडा विरघळतात. तीन आणि आठ यांत फरक तो काय, डावीकडची जागा उघडी की बंद एवढाच. तीच नेमकी भरून निघते.

हा विषय आत्ताच काढायचं कारण म्हणजे दोन गोष्टी एकदम आल्यात. एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झालाय, त्यामुळे नाव, गट आणि क्षेत्र काटेकोर जुळावं लागतं. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. अनेक जुनी मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. म्हणजे कॉम्प्युटर बदलायचाच, मग मॉनिटरही नवा बघायचा. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती इंची दाखवू?"

खरं तर विचारायला हवं, एका इंचात ठिपके किती? त्या जुन्या साडेअठरा इंचीत ते सुमारे ८५ येतात. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०. हेच रिझोल्यूशन साडेएकवीस इंचीत घेतलं तर इंचाला साधारण १०२, चोवीस इंचीत ९२ आणि सत्तावीस इंचीत फक्त ८२. म्हणजे सत्तावीस इंची फुल एचडी त्या जुन्या डब्यापेक्षाही भरड! साडेसहा इंची फोनवर हाच आकडा ४०० च्या आसपास असतो. तोच सातबारा फोनवर झूम करून वाचला की स्पष्ट का वाटतो, ते यावरून कळेल. चांगली नजर दोन फुटांवरून मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढा बारकावा ओळखते. ८५ च्या स्क्रीनवर एक ठिपकाच ०.३ मिलिमीटरचा. तिथे डोळा कमी पडत नाही, स्क्रीन कमी पडते.

आता यात मराठीचं वेगळं काय? 'वर्षांचा' हा शब्द घ्या. 'षां' च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार, दोन्ही शेजारी शेजारी. १२ पिक्सेलच्या मजकुरात शिरोरेषेच्या वर ढोबळ हिशोबाने तीनेक ठिपके उरतात. त्यातच वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकाराला पुन्हा तेवढेच. राहिलेल्या जागेत 'ष्ट्र' किंवा 'द्ध' कोंबायचं. इंग्रजी अक्षर याच जागेत ऐसपैस बसतं. म्हणून इंग्रजीसाठी चालणारा आकार मराठीला पुरत नाही. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या तर एकेका ठिपक्याच्या फरकावर जगतात. नावात हे झालं की आधारवरचं नाव एक आणि सातबाऱ्यावरचं एक.

यावर मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये क्लिअरटाइप जाहीर केलं होतं. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या शेजारी असतात. त्या वेगवेगळ्या वापरून आडवी बारीकी जवळजवळ तिप्पट भासवायची, अशी ती युक्ती. पण ती आडवीच. आपली गर्दी आहे उभी, रेषेच्या वर आणि खाली. त्यामुळे रोमन लिपीला जेवढा फायदा झाला, तेवढा देवनागरीला झाला नाही, असं माझं मत आहे. फाँटची बाजू मात्र सुधारली. विंडोज २००० पासून आलेला रा. कृ. जोशी यांचा 'मंगल' आपण वर्षानुवर्षं वाचला, विंडोज ८ पासून 'निर्मला' आला. पण ठिपकेच कमी असतील तर फाँट तरी काय करणार?

त्या पोराला मी आधी डिस्प्ले सेटिंगमध्ये जिथे 'रेकमेंडेड' लिहिलेलं असतं ते रिझोल्यूशन लावून दिलं. अक्षर मोठं हवं असेल तर रिझोल्यूशन कमी करायचं नाही, 'स्केल' १२५ टक्के करायचा, हेही सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "दादा, मग फॉर्मचं सबमिट बटण खाली जातं की!" मुद्दा बिनतोड होता. १३६६ × ७६८ वर १२५ टक्के केलं की कामाला उरते फक्त १०९३ × ६१४ एवढी जागा. रांग लागलेली असताना दर फॉर्मला वरखाली कोण करणार? म्हणजे जुन्या स्क्रीनवर एकतर अक्षर वाचा, नाहीतर फॉर्म बघा.

त्याने सत्तावीस इंची फुल एचडी जवळजवळ ठरवलेला होता. तो रद्द करून आम्ही साडेएकवीस इंची फुल एचडी घेतला. पैसेही कमी लागले. बजेट असतं तर सत्तावीस इंचीत फोर के घ्यायला सांगितलं असतं, त्यात इंचाला १६३ ठिपके येतात आणि स्केल १५० करूनही जागा उरते. जुनी व्हीजीए केबल काढून एचडीएमआय लावली, कारण व्हीजीएतून येणारं चित्र कडेला थरथरतं. आता तो सातबारा १५० टक्के झूम करून आकडे वाचतो आणि फॉर्म १०० वर भरतो.

आप्पांचा अर्ज पुन्हा भरला, तेव्हा ते स्वतः स्क्रीनजवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि गट नंबर मोठ्याने वाचला. आठ. मग मागे वळून त्या पोराला म्हणाले, "आता माझ्या नावातला अनुस्वार पण बघ रे, मागच्या खेपेला तोही गेला होता."