काळ्या पाण्याची वाट ठाण्यातून जाते

दिवाळी आणि नाताळच्या सुट्या जवळ आल्या की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील घराघरांत वृत्तपत्राच्या घडीतून सहल कंपन्यांची रंगीत पत्रके पडू लागतात. 'इतिहासाची सागरसफर' असल्या भारदस्त शब्दांत त्यात अंदमान विकायला मांडलेले असते. निळे पाणी, पांढरी वाळू, स्वराज द्वीपाकडे धावणारी वातानुकूलित बोट आणि एका संध्याकाळी, दीड-दोन तासांच्या फटीत बसवलेले सेल्युलर जेल! सावरकरांच्या कोठडीसमोर छायाचित्र, अंगणातल्या पिंपळाच्या तोंडून ऐकलेला ध्वनिप्रकाशाचा खेळ, आणि मग हॉटेलात वाट पाहणारे जेवण. मध्यमवर्गीय मराठी माणसाचे राष्ट्रकार्य एका सहलीत पार पडते.

अंदमानला जाऊ नये, असे कोणीही म्हणणार नाही. जावे, अवश्य जावे. पण जाताना एका प्रश्नाचे उत्तर ठाऊक असावे. सावरकरांची काळ्या पाण्याची यात्रा कोठून सुरू झाली? शंभरातले नव्वद जण मद्रासचे नाव सांगतील. 'महाराजा' बोट मद्रासहून सुटली आणि ४ जुलै १९११ रोजी सावरकरांनी अंदमानच्या भूमीवर पाऊल ठेवले, हे खरेच आहे. परंतु मद्रासला नेण्यापूर्वी पन्नास वर्षांच्या शिक्षेचा हा बंदिवान डोंगरी आणि भायखळा येथील तुरुंगांतून आणून ठेवला होता तो ठाण्याच्या तुरुंगात. आगगाडीचा प्रवास तेथून सुरू झाला. पुढे बोटीच्या तळात जन्मठेपवाल्यांच्या दाटीत, मलमूत्राच्या पिंपाशेजारी त्यांना जागा मिळाली, हे 'माझी जन्मठेप' वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही. अंदमानात रोज तीस पौंड तेल गाळण्याचा कोलू त्यानंतरचा. आजचा पर्यटक त्याच समुद्रावर मागे कलणाऱ्या खुर्चीत बसून जातो. त्यात गैर काही नाही. मात्र ज्या दारातून ती यात्रा निघाली, ते दार त्याच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे आणि त्याने ते कधी पाहिलेले नाही.

ठाण्याचा तुरुंग म्हणजे मूळचा ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी जिंकून घेतला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यात कैद होते. बाहेर घोड्यांची निगा राखणारा एक मराठा मोतद्दार गाण्यातून सुटकेचा बेत सांगत राहिला, गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातले अक्षर कळले नाही, आणि १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले! राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये येथेच फाशी झाली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा वध करणारे अनंत कान्हेरे आणि त्यांचे सहकारी कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजी याच भिंतींच्या आत फासावर गेले. त्यांचे देहसुद्धा सरकारने नातलगांच्या स्वाधीन केले नाहीत. एवढा इतिहास एखाद्या युरोपीय शहराच्या वाट्याला आला असता, तर त्या शहराने त्यावर दहा संग्रहालये उभारली असती.

ऑगस्ट २००४ मध्ये मणिशंकर अय्यर यांच्या खात्याने अंदमानच्या स्वातंत्र्यज्योतीवरील सावरकरांच्या वचनांची पाटी काढली, तेव्हा महाराष्ट्र संतापाने पेटून उठला, आणि तो संताप योग्यच होता. केंद्रातील सत्तापालटानंतर ती पाटी परत लागली. विमानतळाला सावरकरांचे नाव आहे. रॉस, नील, हॅवलॉक ही साहेबी नावे २०१८ मध्ये गेली. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्रीविजयपुरम् झाले. हे सारे स्वागतार्ह. पण समुद्रापलीकडच्या पाटीसाठी मूठ आवळणाऱ्यांनी आपल्या गावातल्या तुरुंगाच्या दारावर कधी थाप मारली काय? निषेध सोपा असतो, कारण त्याला एक शत्रू पुरतो. विस्मरणाला शत्रू नसतो. ते आपलेच असते.

तुरुंग चालू आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे, हा नेहमीचा बचाव. तो २०२१ पर्यंत तरी ऐकून घेण्याजोगा होता. त्या वर्षीच्या प्रजासत्ताकदिनी राज्य सरकारनेच येरवड्याच्या चालू तुरुंगात 'जेल पर्यटन' सुरू केले. पुण्यात जे शक्य झाले, ते ठाण्यात का अशक्य असावे, याचे उत्तर लोकप्रतिनिधींना विचारले पाहिजे, आणि तेही निवडणुकीच्या आधी.

तुरुंगाची ही गत, तर खाडीची त्याहून वाईट. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी शिवछत्रपतींच्या ताब्यात आली आणि दुर्गाडीच्या परिसरात स्वराज्याच्या आरमाराने आकार घेतला. रुई लैतांव व्हिएगश या पोर्तुगीजाच्या हाताखालचे कारागीर त्या जहाजांवर राबत होते. १६५९ मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवून पळवले, तरी काम थांबले नाही. याच पाण्यावरून डोंबिवली, काल्हेर, कोलशेत, घोडबंदर असे उतरत गेले की वसई येते, आणि वसईला १७३९ मध्ये काय घडले ते नव्याने सांगायला नको. इतिहासाची सागरसफर म्हणतात ती आणखी कशी असते? २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग ५३ ठरला. वसई-भाईंदर रो-रो २०२४ मध्ये धावू लागली. नौदलातून निवृत्त झालेली 'टी-८०' ही युद्धनौका दुर्गाडीला आणून ठेवली, तेही उत्तम झाले. परंतु जमिनीवर ठेवलेली नौका पाहून पाण्याची आठवण किती दिवस टिकणार? दुर्गाडीहून वसईला नेणारी बोट एकाही पत्रकात दिसत नाही. दिसतात ती सांडपाण्याची तोंडे आणि भरावाखाली गाडलेली तिवरे.

खाडी स्वच्छ होण्यास आणि तुरुंगाचे दार उघडण्यास वर्षे लागतील. मात्र डोंबिवलीसारख्या शहरात, जेथून १९९९ मध्ये नववर्ष स्वागतयात्रा निघाली आणि पाहता पाहता महाराष्ट्रभर गेली, संस्थांची उणीव नाही. या संस्थांनी आणि सहल कंपन्यांनी अंदमानच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिला अर्धा दिवस ठाण्यासाठी राखून ठेवावा. १९ एप्रिलला तुरुंगाच्या भिंतीबाहेर उभे राहून मुलांना तीन नावे सांगावीत, भरतीच्या वेळी दुर्गाडीच्या पायथ्याशी नेऊन पाणी दाखवावे. त्यासाठी ना निविदा काढावी लागते, ना मंत्रालयात खेटे घालावे लागतात.