धोट्याचा विटाळ

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे आजे-पणजे मुंबईच्या गिरण्यांत साच्यावर होते. त्या साच्याची एक गोष्ट नातवंडांना सहसा सांगत नाहींत, ती आज आम्ही सांगतों. धोट्यांतली कांडी संपली म्हणजे नवी घालून तिचा धागा धोट्याच्या भोंकांतून तोंडानें ओढून घ्यावा लागे. एवढ्यावरून अस्पृश्य गणलेल्या कामगारांस विणकाम खात्यांत मज्जाव होता. त्यांच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा, हा सवाल! पगार विणकाम खात्यांत जास्त, म्हणून विटाळहि तेथेंच. कमी पगाराच्या रिंग खात्यांत तो कोणास आठवत नसे.

१९२८ च्या मोठ्या संपांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढें उभा केला. बंधूंनो, आडवा कोण आला होता? भटजी तर साच्यापाशीं नव्हताच. मालकानें डोळेझांक केली हें खरें. पण हट्ट धरणारा पुष्कळदां तुमच्या-आमच्या घरचाच गडी होता. तोंड न लावतां धागा ओवतां येईल असे धोटे तेव्हांहि निघालेले होते, आणि तोंडानें ओढल्यानें सुताची धूळ छातींत जाई ती सर्वांच्याच. धोटा बदला म्हणून सर्वांनीं मिळून भांडावयाचें, तें सोडून माणूस बाहेर ठेवला.

कामावरचा भेदभाव असाच कामाची सबब पांघरून येतो. सबबीचा कामाशीं संबंध आहे कीं जन्माशीं, एवढें विचारावें म्हणजे तो उघडा पडतो.

आतां आमचेंच सांगतों. आम्ही पूर्वीं ज्या शाळेंत होतों तेथें मातंग समाजांतले एक शिक्षक होते. पावसांत तालुक्याला कागद पोंचविणें, घरोघर नोंदी करीत हिंडणें हीं कामें त्यांचीं. पण पोषण आहाराच्या कोठीची किल्ली पाळीनें फिरे, ती त्यांना टाळून पुढें जाई. 'गांव बोलेल' एवढेंच कारण, तेंहि तोंडी. आम्ही दोन वर्षें गप्प बसलों. मधें आमची पाळी आली तेव्हां किल्ली घेतलीहि! तिसऱ्या वर्षीं मात्र बैठकींत म्हटलें, "हें कारण सूचना-वहींत लिहून द्यावें." हेडमास्तरांची लेखणी उचलेना. त्याच दिवशीं किल्ली त्या गुरुजींकडे गेली. गांव कांहीं बोललें नाहीं. खिचडी रोजच्यासारखीच संपली.

लेखणी कां उचलेना, तेंहि सांगतों. घटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता बंद झाली आहे. आणि १९५५ चा कायदा, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याप्रमाणें अस्पृश्यतेच्या कारणानें कोणासहि नोकरी-धंद्यांत आडकाठी करणें हा गुन्हा आहे. तोंडी बोलणें वाऱ्यावर जातें. म्हणून ज्या दिवशीं घडेल त्याच रात्रीं तारीख, काम, बोललेले शब्द व हजर असलेलीं माणसें वहींत टिपून ठेवावीं. अर्ज दिला तर पोंच घ्यावी. आणि ज्याच्यावर बेततें त्यानेंच एकट्यानें बोलावें अशी अपेक्षा धरूं नये. त्याची भाकर टांगलेली असते, शेजाऱ्याची तितकी नसते.

किल्ली घेतांना ते शिक्षक आम्हांस हळूच म्हणाले, "गुरुजी, हें पहिल्याच वर्षीं म्हणायला काय झालें होतें?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.